‘९८ टक्के यशस्वी’ म्हणजे काय? अँजिओप्लास्टी आणि बायपासचे आकडे कसे वाचायचे

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्यासमोर दोन कागद होते. एक भाऊजींच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि दुसरं रुग्णालयातून मिळालेलं माहितीपत्रक. “मावशी, इथं लिहिलंय की अँजिओप्लास्टी ९८ टक्के यशस्वी होते. मग करूनच टाकूया ना?”

मी विचारलं, “काय झालं म्हणजे यशस्वी, ते लिहिलंय का?”

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. लिहिलं नव्हतं.

मी १९९१ पासून एकतीस वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हृदयाच्या नसांची अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ होते. केसचं रजिस्टर भरायचं काम बहुतेक माझ्याकडेच असायचं. मी डॉक्टर नाही. तुमच्या माणसाला काय करावं हे मी सांगणार नाही, ते त्याचे डॉक्टरच सांगतील. पण त्या रजिस्टरच्या रकान्यांत काय भरलं जातं आणि काय बाहेर राहतं, हे मी रोज पाहिलं आहे. भाच्याला त्या आठवड्यात जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते. अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची अरुंद झालेली नस आतून फुग्याने रुंद करणं, हल्ली बहुधा तिथे स्टेंट ही जाळीची नळी बसवून; बायपास म्हणजे शस्त्रक्रिया करून दुसऱ्या नसेने अडथळ्याला वळसा घालणं.

त्याआधी एक गोष्ट. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, असं आत्ता होत असेल तर हे वाचत बसू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. हृदयविकाराचा झटका चालू असताना नस पूर्ण बंद असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुगा फुगला पाहिजे असा नियम कॅथलॅबवाले पाळतात, तो त्यासाठीच. आकडे पाहायला वेळ असतो तो ज्यांचं दुखणं स्थिर आहे त्यांना. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

‘यश’ या शब्दाची व्याख्या मागा

मी नोकरीला लागले तेव्हा अँजिओप्लास्टी म्हणजे नुसता फुगा. ९० टक्के अरुंद झालेली नस फुगवून ५० टक्क्यांपेक्षा कमी अरुंद उरली आणि रुग्ण रुग्णालयात असेपर्यंत मृत्यू, झटका किंवा तातडीची बायपास यांतलं काही झालं नाही, की रजिस्टरमध्ये ‘यशस्वी’ लिहायचं. म्हणजे जवळजवळ अर्धी नस अजून अडलेली असली तरी यशस्वी. स्टेंट आल्यावर ही मर्यादा २० टक्क्यांवर आली आणि आता तर १० टक्क्यांच्या आत आणण्याचा प्रयत्न असतो. शब्द तोच राहिला, त्याच्या आतला अर्थ मात्र दोनदा बदलला.

या सगळ्या व्याख्या कॅथलॅबच्या टेबलापासून घरी सोडण्याच्या दिवसापर्यंतच पाहतात. माणूस पुढच्या वर्षी जिना न थांबता चढतोय का, त्याला पुन्हा टेबलावर यावं लागलं का, हे त्यात नसतं. माहितीपत्रकातले ९८ टक्के साधारण या जातीचे असतात. ते खोटे नसतात, फक्त फार लहान प्रश्नाचं उत्तर असतात. म्हणून पहिला प्रश्न: “यश कशाला म्हटलंय, आणि ते कोणत्या दिवशी मोजलंय?”

आकड्यामागचं साल शोधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. इंटरनेटवर १९९५ चा आकडा आणि २०२० चा आकडा शेजारीशेजारी सापडतो. शब्द दोन्हीकडे ‘अँजिओप्लास्टी’, पण उपचार एकच नाही.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी ३८ वर्षांच्या, पूर्ण जाग्या असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या नसेत पहिल्यांदा फुगा फुगवला. दहा वर्षांनी तपासलं तेव्हा ती नस उघडीच होती. ही गोष्ट मला फार आवडते, पण एका माणसाची गोष्ट म्हणजे आकडा नव्हे. त्या काळात फुगवलेल्या नसांपैकी ३० ते ४० टक्के सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. काही तर टेबलावरच बंद पडायच्या. सुरुवातीच्या नोंदींत शंभरातल्या सुमारे सहा जणांना तातडीने बायपासला न्यावं लागलं होतं. मी लागले तेव्हाही फुग्याच्या केसच्या दिवशी शेजारचं ऑपरेशन थिएटर रिकामं आणि तयार ठेवायचं असा दंडक होता. फुगा काढल्यावर आम्ही थांबायचो आणि पुन्हा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून बघायचो. त्या थांबण्यात खोलीत कुणी बोलायचं नाही. आज तातडीच्या बायपासचं हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे.

पहिले स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बसवले गेले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट चाचणीत (चाचणी म्हणजे इथे रुग्णांचे गट करून उपचारांची तुलना करणारा अभ्यास) नस पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण फुग्याला ३२ टक्के आणि स्टेंटला २२ टक्के निघालं. पण स्टेंटच्या धातूवर रक्ताची गुठळी व्हायची. ती टाळायला रुग्णांना हेपॅरिन आणि वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं द्यायचे, आणि मग मांडीतल्या टोचलेल्या जागेतून रक्तस्राव. शीथ, म्हणजे तिथे घातलेली नळी, काढल्यावर जांघेत हाताने दाब देऊन माझी मनगटं दुखायची. वर वाळूची पिशवी, आणि रुग्ण रात्रभर पाय न हलवता उताणा. १९९६ च्या इसार चाचणीने ते चित्र पालटलं: ॲस्पिरिन आणि टिक्लोपिडिन या दोन गोळ्यांवर हृदयाशी संबंधित गंभीर घटना १.६ टक्के, जुन्या पद्धतीवर ६.२ टक्के. स्टेंट तोच, फक्त नंतरच्या गोळ्या बदलल्या. ‘स्टेंटचा निकाल’ म्हणून जो आकडा सांगतात, त्यात या गोळ्यांचा वाटा केवढा मोठा आहे हे तेव्हा मला समजलं.

पुढे औषध लावलेले स्टेंट आले. रॅव्हेल चाचणीत सहा महिन्यांनी नस पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण शून्य निघालं, साध्या स्टेंटला २६.६ टक्के. शून्य! आमच्या लॅबमध्येही आनंद झाला होता. मात्र त्या चाचणीत २३८ रुग्ण होते आणि ब्लॉकेज सोपे निवडलेले होते. सिरियस नावाच्या १,०५८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत अधिक अवघड नसा घेतल्या, तेव्हा तोच स्टेंट ८.९ टक्क्यांवर आला, साधा ३६.३ वर. तरीही सुधारणा प्रचंडच, पण शून्य नाही. मग २००६ च्या सुमारास वर्ष-दोन वर्षांनंतर अचानक होणाऱ्या गुठळ्यांची चिंता पुढे आली. त्यावर स्टेंटच्या तारा बारीक झाल्या, सुरुवातीच्या १४० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ८० च्या आसपास, आणि लेप व औषधं सुधारली. नवीन ते सरसकट चांगलं असंही नाही. हळूहळू विरघळून जाणारा स्टेंट २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला आणि गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसल्याने २०१७ मध्ये विक्रीतून गेला.

याच काळात मांडीऐवजी मनगटातून जायची पद्धत रुळली, आणि माझी वाळूची पिशवी कपाटात गेली.

बायपासलाही हेच लागू. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून केलेल्या शस्त्रक्रियेपासून ती पसरली. पायाच्या शिरांचे ग्राफ्ट, म्हणजे वळशासाठी जोडलेले तुकडे, दहा वर्षांत जवळपास निम्मे बंद पडतात. छातीच्या आतली धमनी, म्हणजे मॅमरी, हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला जोडली तर दहा वर्षांनीही ९० टक्क्यांहून जास्त उघडी राहते, आणि तिने आयुष्य वाढतं हे १९८६ मध्ये स्पष्टपणे मांडलं गेलं. त्यामुळे बायपासचा कुठलाही जुना आकडा दिसला की मी आधी विचारते, मॅमरी वापरली होती का?

तर आकडा हातात आला की त्याच्या शेजारी दोन सालं लिहा: उपचार केव्हा झाले आणि अहवाल केव्हा छापला. दहा वर्षांचे निकाल सांगणारा आजचा अहवाल दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्टेंटबद्दल बोलत असतो. त्यातून सुटका नाही, कारण दहा वर्षं बघायला दहा वर्षं लागतातच.

मोजणी कधी थांबवली

सिंटॅक्स चाचणीत तीन नसा किंवा डावी मुख्य नस खराब असलेले १,८०० रुग्ण होते. पहिल्या वर्षी मृत्यूच्या बाबतीत स्टेंट आणि बायपास यांत ठोस फरक नव्हता. पक्षाघात तर बायपासवाल्यांना जास्त झाला, २.२ टक्के विरुद्ध ०.६. कुणी तिथेच वही मिटली असती तर स्टेंट निवडणं सोपं वाटलं असतं. तीन नसांचा आजार असलेल्यांना दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा स्टेंटच्या गटात २८ टक्के मृत्यू होते आणि बायपासच्या गटात २१.

बायपासचा त्रास आणि धोका पहिल्या आठवड्यांत एकदम भरावा लागतो, फायदा नंतर वर्षानुवर्षं मिळतो. स्टेंटचं बरंचसं उलट. म्हणून ३० दिवसांचा आकडा स्टेंटची बाजू घेतो आणि दहा वर्षांचा बायपासची. रुग्ण ५५ वर्षांचा आहे की ८५ चा, यावर कोणता आकडा वाचायचा हे ठरतं.

गाठोडं सोडून बघा

चाचण्यांचे निकाल बहुधा एका गाठोड्यात बांधलेले असतात: मृत्यू, झटका, पक्षाघात, पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया, सगळं मिळून एक टक्केवारी. सिंटॅक्सच्या पहिल्या वर्षी हे गाठोडं स्टेंटला १७.८ आणि बायपासला १२.४ होतं. उघडल्यावर दिसतं की फरकाचा मोठा भाग पुन्हा कराव्या लागलेल्या प्रक्रियेचा आहे, १३.५ विरुद्ध ५.९. पुन्हा एक स्टेंट बसवणं आणि अर्धांगवायू होणं या दोन्ही गोष्टी त्या बेरजेत एक-एकच धरल्या जातात. तुमच्या घरात त्यांचं वजन सारखं नसणार. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीचा आकडा वेगळा विचारा.

‘झटका’ या शब्दाचंही असंच. २००० मध्ये ट्रोपोनिन या रक्ततपासणीवर आधारलेली व्याख्या आली आणि पूर्वी पकडता न येणारे लहान झटकेही मोजले जाऊ लागले. समजा पूर्वी शंभर मोठे झटके नोंदले जायचे आणि दहा माणसं दगावायची. आता त्यात शंभर लहान झटक्यांची भर पडली आणि त्यांतली दोन माणसं गेली. दोनशेत बारा, म्हणजे ६ टक्के. दहावरून सहावर आलो आणि उपचार तर तोच! झटक्यानंतर जगण्याचं प्रमाण खरोखर सुधारलं आहे, याबद्दल मला शंका नाही. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं औषध एकत्र दिल्यावर पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले, आणि पुढे तातडीच्या अँजिओप्लास्टीने ते आणखी कमी झाले. पण दोन दशकांच्या आकड्यांतला सगळाच फरक उपचाराच्या नावावर लिहू नका.

रुग्ण कोण होते

न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासच्या प्रत्येक केसची नोंद गोळा करून रुग्णालयवार मृत्युदर जाहीर करायला सुरुवात केली. १९८९ मध्ये प्रत्यक्ष मृत्युदर ३.५२ टक्के होता, १९९२ मध्ये २.७८. पण या काळात टेबलावर येणारे रुग्ण जास्त वयाचे, जास्त आजारी होत गेले होते. रुग्णाचं वय, हृदयाची ताकद, बाकीचे आजार हिशेबात धरले तेव्हा घट ४.१७ वरून २.४५ इतकी, म्हणजे जास्त मोठी दिसली. साधा आकडा सुधारणा लपवत होता. दुसरीकडे, अशी यादी जाहीर झाली की शल्यविशारद धोक्याच्या केस टाळतील, ही भीतीही तेव्हापासून बोलली जाते, आणि मला ती रास्त वाटते. आमच्याकडे सगळ्यात जास्त मृत्यू ज्या डॉक्टरांच्या नावावर होते, ते रात्री दोन वाजता रक्तदाब कोसळलेला रुग्ण नाकारत नसत. झटक्याबरोबर असा शॉक आला की आजही दहातले चार-पाच जण दगावतात. कुठल्याही रुग्णालयाचा किंवा डॉक्टरचा आकडा ऐकला की विचारा, “यात तातडीचे रुग्ण धरले आहेत का?”

आणि टक्क्यांचे टक्के कुणी सांगितले तर शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा. गिस्सी चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मृत्यू १३ वरून १०.७ टक्क्यांवर आले. याला ‘१८ टक्के घट’ म्हणता येतं आणि ‘शंभरात दोन-तीन जीव वाचले’ असंही. दोन्ही खरं. घरी निर्णय घेताना दुसरं वाक्य कामाला येतं.

कशाच्या तुलनेत

भाच्याला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. त्याला वाटत होतं की ब्लॉकेज उघडलं नाही तर भाऊजी जाणार. स्थिर दुखण्यात हे असं सरळ नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या करेज चाचणीत २,२८७ रुग्ण होते, आणि २०२० च्या इस्केमिया चाचणीत ५,१७९. दोन्हीकडे चांगली औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत, औषधांबरोबर लगेच प्रक्रियाही केलेल्यांमध्ये मृत्यू आणि झटके मिळून कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वरचेवर व्हायचं त्यांचं. लक्षात ठेवा, इस्केमियात डावी मुख्य नस खराब असलेले रुग्ण घेतलेच नव्हते.

बायपास आयुष्य वाढवते हे दाखवणाऱ्या जुन्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास १९९४ मध्ये आला: २,६४९ रुग्ण, पाच वर्षांतले मृत्यू बायपासला १०.२ टक्के, औषधांना १५.८. पण त्या ‘औषधां’मध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन नव्हतंच, आणि बायपासमध्ये मॅमरी फार थोड्यांना वापरली होती. दोन्ही पैलवान आज वेगळे आहेत.

भाऊजींचा कागद

भाऊजींना १४ वर्षं मधुमेह, तीन नसा खराब, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती भरून येते. हे वाचल्यावर मी भाच्याला म्हटलं, ते ९८ टक्के बाजूला ठेव, आपल्यासारख्यांचा आकडा शोधू. तो आहे. २०१२ ची फ्रीडम चाचणी मधुमेह आणि एकापेक्षा जास्त नसा खराब असलेल्या १,९०० रुग्णांवरच केली होती. पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटला १६.३ टक्के, बायपासला १०.९. पक्षाघात स्टेंटला २.४, बायपासला ५.२.

भाचा आता तयार झाला होता. “पण मावशी, ते स्टेंट जुने ना?”

बरोबर. म्हणून फेम-३ बघितली, नव्या स्टेंटची, तीन नसांच्या १,५०० रुग्णांची. एका वर्षात मृत्यू, झटका, पक्षाघात, पुन्हा प्रक्रिया हे सगळं मिळून स्टेंटला १०.६, बायपासला ६.९. पाच वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले, त्यात मृत्यू, झटका आणि पक्षाघात मिळून दोन्ही गटांत ठोस फरक उरला नव्हता. म्हणजे दरी कमी होते आहे. पण त्या चाचणीत मधुमेहाचे रुग्ण तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होते, आणि भाऊजी त्या थोड्यांतले.

मी त्याला वहीच्या एका पानावर प्रश्न लिहून दिले. तुम्हीही तेवढंच न्या, जास्त नेलंत तर उत्तरं ऐकायची राहून जातात. माझ्या माणसासारख्या, म्हणजे याच वयाच्या, मधुमेह असलेल्या, हृदयाची एवढीच ताकद असलेल्या रुग्णांचं पाच वर्षांत काय होतं, तिन्ही वाटांनी: औषधं, स्टेंट, बायपास? मृत्यू, झटका, पक्षाघात आणि पुन्हा प्रक्रिया यांचे आकडे वेगवेगळे सांगाल का? इथे अशा किती केस होतात आणि निकाल काय आहेत, तातडीचे रुग्ण धरून? पुढच्या मुख्य नसेला मॅमरी लावणार का? स्टेंट असेल तर दोन्ही गोळ्या किती महिने, आणि मध्ये दुसरं ऑपरेशन लागलं तर काय? आणि हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद दोघांनी मिळून ही फिल्म पाहिली आहे का? अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. एकतीस वर्षांत मी पाहिलं, ते खुर्ची पुढे ओढून बसतात.

शल्यविशारदांनी भाच्याच्या त्या पानाच्या मागेच हृदय काढलं, तीन नसा काढल्या आणि मॅमरी कुठून कुठे जाईल ते दाखवलं. भाऊजी इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “आणि दुसऱ्या मजल्यावर किती दिवसांनी जाता येईल?” जिना तर काही दिवसांतच हळूहळू चढायला लावतील, पण छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर जड काही उचलायचं नाही, असं ते म्हणाले. भाऊजींनी पेन मागून घेतलं आणि माझ्या प्रश्नांच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आठ आठवडे.